लेकराच्या हाताला पुरेल अशी तोटी

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाणी भरत होते. सहा दिवसांनी आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं होतं. संभाजीनगरात राहणाऱ्यांना यापुढं काही सांगायला नको. एक पाइप गच्चीवरच्या टाकीत, दुसरा हौदात, हातात बादली आणि आत फोन वाजतोय. मी म्हटलं, वाजू दे, ज्याला गरज असेल तो पुन्हा करील. नळ गेल्यावर हात पुसत फोन पाहिला तर शांतावहिनींचे तीन फोन येऊन गेलेले. परत लावला. त्यांनी आधी विचारलं, "सुमनताई, पाणी भरून झालं का?" मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, "या मग. अण्णा गेले." ज्या माणसानं उभा जन्म लोकांपर्यंत पाणी पोचवण्यात घालवला, त्याच्या मरणाचा फोन मी पाण्यापायी उचलला नाही. याला दोन महिने होत आले. तरी बादली नळाखाली लावली की फोन वाजतोय असं मला अजून वाटतं.

मल्हारी शिंगाडे हे त्यांचं पूर्ण नाव. आम्हा खात्यातल्या लोकांचे ते अण्णा. वैजापूरकडच्या मेंढपाळाच्या घरातला हा मुलगा, मेंढरांच्या वाड्याबरोबर गावोगाव फिरत जमेल तसा शिकला आणि पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर म्हणून लागला. पण त्यांचं खरं काम खुर्चीत बसून करायचं नव्हतंच. पूर, दुष्काळ, दंगल, भूकंप... जिथं जिथं माणसं घर सोडून उघड्यावर येतात, तिथं प्यायचं पाणी कुठून आणायचं, संडासाचे चर कुठं खोदायचे, साबण कुणाला मिळाला आणि कुणाला नाही, हे सगळं जुळवून आणणारा माणूस म्हणजे अण्णा. या कामाचे फोटो कुणी काढत नाही. अन्नाची पाकिटं वाटताना फोटो निघतो, संडासाचा चर बुजवताना कोण काढणार? अण्णांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं, आणि मी ते बोलून दाखवायची.

त्यांची माझी शेवटची भेट दवाखान्यात झाली, जाण्याच्या आदल्या आठवड्यात. आवाज बसला होता, हात काडीसारखे झाले होते. नर्स सांगून गेली होती की पाणी चमच्यानं, थोडं थोडं द्या. मी वाटीत पाणी घेतलं, चमचा भरला आणि त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा नेला तर माझं मनगट धरलं. मला वाटलं, नको असेल. वहिनी मागून म्हणाल्या, "वाटी त्यांच्या हातात द्या ताई, नायतर प्यायचे नाय." वाटी हातात दिली. निम्मं पाणी छातीवर सांडलं, निम्मं पोटात गेलं. मग माझ्याकडं बघून त्या बसक्या आवाजात हसत म्हणाले, "ओगराळं सुटंना व्हय ताई?" मीही हसले. आणि काहीतरी कारण काढून बाहेर गेले, वऱ्हांड्यातल्या बाकड्यावर बसून राहिले. ते ओगराळं म्हणजे काय, हे सांगायलाच मी लिहायला बसले आहे. खरं तर ते फार पूर्वी सांगायला हवं होतं.

नामांतराच्या पहिल्या दंगलीचं ते वर्ष. शहर तेव्हा औरंगाबाद होतं. चिकलठाण्याला कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या, खेड्यांतली पोरं सायकलवर डबा लावून शिफ्टला जायला लागली होती, आणि त्याच शहरात विद्यापीठाच्या नावावरून आग पेटली होती. ती शहरात कमी आणि खेड्यांत जास्त पेटली. दलितांच्या वस्त्या जळाल्या, माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. त्यातली काही कुटुंबं उस्मानपुऱ्याच्या पलीकडच्या एका शाळेत आणून ठेवली होती. ऑगस्टचा महिना, पाऊस, मैदानभर चिखल. मी आरोग्य खात्यात नुकतीच लागले होते, वय बावीस, नोकरी अजून कायम झालेली नव्हती. पाण्याचं आणि संडासाचं अण्णांकडं, आजारपणाचं माझ्याकडं, अशी वाटणी होती.

अण्णांनी चिकलठाण्याच्या कारखान्यांत फिरून रिकामी पिंपं मिळवली होती. ती आधी सोड्यानं, मग चुन्यानं धुऊन घेतली, तरी तेलाचा वास आठवडाभर गेला नाही. पिंपं भरली की लोक येत, तांब्या, डबा, करवंटी जे हाताला लागेल ते बुडवत. दोनच दिवसांत जुलाबाचे रुग्ण दिसू लागले. मला प्रशिक्षणात शिकवलं होतं की साठवलेल्या पाण्यात हात जाता कामा नये, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं पाणी काढावं, आणि ते एकाच स्वच्छ हातानं काढावं. मी त्याच दिवशी नियम केला. पिंपावर झाकण, आत कुणी हात घालायचा नाही, मी किंवा आमची परिचारिका ओगराळ्यानं वरून पाणी वाढणार. अण्णा तेव्हा दुसऱ्या छावणीवर गेले होते. त्यांना मी संध्याकाळी सांगितलं, तेही बरं म्हणाले. पुस्तकात बघितलं तर त्या नियमात चूक काढायला जागा नव्हती.

मी पाटलाच्या घरातली. आमच्या वाड्याच्या मागच्या दाराशी खळ्यावर राबणाऱ्या बायका यायच्या, ओंजळ पुढं करून उकिडव्या बसायच्या आणि माझी आई पायरीवर उभी राहून तांब्यानं वरून पाणी ओतायची. भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. आई कामात असली की तांब्या माझ्या हातात यायचा. धार न सांडता नेमकी ओंजळीत पडली की आई कौतुक करायची. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी त्या मैदानावर, शाळेच्या पायरीवर उभी राहून, खाली उभ्या असलेल्या तशाच माणसांच्या ओंजळीत मी ओगराळ्यानं पाणी ओतत होते आणि मला काही म्हणजे काही आठवलं नाही. उलट धार सांडत नाही याचा थोडा अभिमानच वाटला असेल.

दोन दिवसांत पिंपापाशी गर्दी ओसरली. मी अहवालात लिहिलं, पाणीवाटपाला शिस्त लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले. त्यांची एक सवय होती, पुढं सगळ्या खात्यात ती प्रसिद्ध झाली. छावणीत गेले की ऑफिसच्या टेबलाकडं यायचे नाहीत, आधी हात मागं बांधून सबंध आवाराला एक फेरी मारायचे, खाली बघत. हरवलेलं मेंढरू शोधायला त्यांचे वडील असेच फिरत, असं ते सांगायचे. त्या दिवशी फेरी मारून आले आणि मला म्हणाले, चला जरा. पिंपासमोरचा चिखल दाखवला. त्यावर माझ्याच चपलांचे ठसे जास्त होते. मग शाळेच्या मागच्या भिंतीपाशी नेलं. तिथं भिंत पडलेली होती आणि त्या खिंडारातून नाल्याकडं पायवाट पडली होती. अनवाणी पावलांची, बायकांची, लेकरांची, अगदी ताजी. नाल्याच्या कडेला वाळू उकरून लोकांनी झिरा केला होता आणि त्यातलं गढूळ पाणी नेत होते. वरच्या वस्तीची सगळी घाण त्या नाल्यातून वाहत होती. अण्णा म्हणाले, "कागद काय बी सांगंल ताई. चिखल बघत जा."

झिऱ्यापाशी सोनाबाई होती. साठीची, उंच, कपाळावर हिरवं गोंदण. घर जळताना तिनं फक्त नातीला उचललं होतं, मंगलला. तिचा मुलगा, मंगलचा बाप किसन, तेव्हा गावाबाहेर मजुरीला होता म्हणून वाचला, असं ती सांगायची. मी तिच्यावर चिडले. इतकं स्वच्छ पाणी ठेवलंय, औषध टाकून, आणि तुम्ही हे पिता? तिनं आधी डबा भरून घेतला. मग उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली,

"गावात वरूनच मिळायचं. घर जळालं तवा वाटलं, सुटलो त्यातून. इथं बी वरूनच व्हय, बाई?"

पाटलाच्या मागच्या दाराची ती पायरी माझ्या डोळ्यांपुढं तेव्हा आली, दोन दिवस उशिरा. अण्णा खाली मान घालून उभे होते. त्यांनी तिला एवढंच विचारलं की कसं करू, तुम्ही सांगा. ती म्हणाली, नळ लावा, आमच्या हातानं सोडू, आमच्या हातानं बंद करू. अण्णा तसेच सायकलवर चिकलठाण्याला गेले, एका वर्कशॉपातल्या वेल्डरला घेऊन आले, पिंपांना भोक पाडून पितळी तोट्या बसवल्या. पिंपं दगडांवर चढवणार होते, तेव्हा सोनाबाई परत आली. उंची तिनं हातानं दाखवली. "एवढीच ठेव. लेकराच्या हाताला पुरंल अशी." दुपार कलायच्या आत पिंपांसमोर रांग लागली होती. पुढं संडासाचे चर कुठं आणि आडोसा कुठं, हेही अण्णांनी तिलाच आणि इतर बायकांनाच विचारून ठरवलं.

पण मंगलनं त्याआधी दोन दिवस झिऱ्याचं पाणी प्यायलं होतं. त्याच संध्याकाळी तिला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. सलाइन लावलं, डॉक्टरांनी होईल ते केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. सहा वर्षांची होती. तिला माती देऊन आल्यावर सोनाबाईनं त्या नव्या तोटीखाली हात धुतले. मग किसननं धुतले. मी पायरीवर उभी होते. माझ्याकडं कुणी पाहिलं नाही.

चौकशी झाली. छावणीत पाणी असताना मूल दगावलं कसं, वाटपाची पद्धत कुणी ठरवली, याचा खुलासा वरून मागवला. मी रात्रभर झोपले नाही. सकाळी ऑफिसात गेले तर अण्णांनी खुलासा लिहून पाठवूनही दिला होता. त्यात एक ओळ होती, "पद्धत मी ठरवली होती." खाली त्यांची सही. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "तुमची नोकरी कच्ची हाय. आता गप बसा, पुढं बघू." आणि मी गप बसले. इतकी सहज गप बसले की त्याची मला आजही लाज वाटते. त्यांच्या सेवापुस्तकात शेरा पडला, बढती राहिली, बदली दूरच्या दुष्काळी तालुक्यात झाली. मी पुढच्या वर्षी कायम झाले. ते "पुढं बघू" कधी आलंच नाही, किंवा दर वेळी आलं आणि मी त्याला टाळलं.

पुढं पंधरा वर्षांनी, भूकंपाच्या वेळी, आम्ही पुन्हा एकत्र होतो. देशभरातून संस्था आल्या होत्या, प्रत्येकीचा टँकर वेगळा आणि बॅनर वेगळा. डांबरी रस्त्यावरच्या एका गावात पाच टँकर उभे, आणि आत तीन कोसांवर घागरभर पाणी नाही, अशी अवस्था. अण्णांनी रोज संध्याकाळी लिंबाखाली सगळ्यांना जमवायला सुरुवात केली. खुर्च्या नाहीत, भाषणं नाहीत. खाली बसायचं आणि प्रत्येकानं सांगायचं, उद्या मी कुठं. मेंढपाळ लोक संध्याकाळी जमून कुणाचा वाडा उद्या कोणत्या शिवारात जाणार हे ठरवतात, म्हणजे एकाच गवतावर चार वाडे पडत नाहीत. अण्णांनी हे तिथून उचललं होतं. सुरुवातीला साहेब लोकांना मांडी घालून बसायचं जड गेलं, आठवड्यात सगळे बसू लागले. आणि ठिकाण ठरलं की अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, तोटी हाय का? नसेल तर तो टँकर, ती टाकी गावात जाणार नाही. एका संस्थेचा तरुण अधिकारी वैतागून म्हणाला की वरून पाइप सोडला तर दहा मिनिटांत गाव उरकतं. तेव्हा अण्णांनी सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. मंगलची, झिऱ्याची, सोनाबाईची. सांगताना म्हणाले, "मी नियम केला होता." मी तिथंच बसले होते, मांडीवर पाण्यात टाकायच्या टीसीएल पावडरीचा डबा घेऊन. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी डब्याचं झाकण घट्ट करत राहिले.

त्यानंतर प्रत्येक प्रशिक्षणात ते ही गोष्ट सांगत. माझी चूक त्यांनी इतक्या वेळा स्वतःच्या नावावर सांगितली की शेवटी तिथं बसलेल्या मलाही ती त्यांचीच वाटू लागे. माणसाला सवय कशाचीही होते.

भूकंपानंतरच्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. शहरात कुठं मिरवणूक, कुठं शुकशुकाट. अण्णा तिळगूळ घेऊन माझ्याकडं आले आणि म्हणाले, सोनाबाईकडं निघालोय, चिकलठाण्याला, किसन तिथं कारखान्यात लागलाय, येता का. सोनाबाई थकली आहे, असंही म्हणाले. मी सांगितलं, घरी पाहुणे आहेत. पाहुणे नव्हते. ते सायकलला टांग मारून गेले. सोनाबाई त्या उन्हाळ्यात गेली.

अण्णांच्या घरी एक गोष्ट होती, तिच्यामुळं नातेवाईक त्यांना माणूसघाणे म्हणत. आल्यागेल्याला ते पाण्याचा तांब्या भरून देत नसत. व्याही असो की साहेब, ओसरीवरच्या रांजणाकडं बोट दाखवायचे, घ्या तुमच्या हातानं. रांजणाला पितळी तोटी होती, पहिल्या पिंपाची. छावणी उठली तेव्हा त्यांनी ती काढून आणली होती. पंचेचाळीसेक वर्षांत रांजण किती फुटले, बदलले, तोटी मात्र दर वेळी जुन्यातून काढून नव्यात बसली. आणि ती इतकी खाली की मोठ्या माणसाला वाकल्याशिवाय पाणी मिळायचं नाही. मी तिथं जायची तेव्हा घरूनच पाणी पिऊन निघायची.

तेराव्यानंतर खात्यातल्या जुन्या लोकांनी शोकसभा घेतली. एकानं फार मनापासून भाषण केलं. म्हणाला, अण्णा मोठे का, तर तरुणपणी त्यांच्या हातून एक चूक झाली, एक जीव गेला, आणि ती चूक त्यांनी कधी लपवली नाही. लोकांनी माना डोलावल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. मला बोलायला बोलावलं. मी उठले, माइकसमोर उभी राहिले, अण्णांचा स्वभाव साधा होता असं काहीतरी बोलले आणि खाली बसले. आता तर शेरा मारणारं कुणी नव्हतं, नोकरीही नव्हती, पेन्शन चालू होतं. मग मी कुणाला भ्याले?

गेल्या रविवारी वहिनींकडं गेले. ओसरीवर अण्णांची खाट उभी करून ठेवली होती. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. वहिनी, तो नियम माझा होता. ओगराळं माझं होतं. मंगल माझ्यामुळं गेली, अण्णांमुळं नाही. वहिनी शेंगा फोडत होत्या. त्यांनी परात बाजूला सरकवली.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "खुलासा लिवला त्या रातीच सांगितलं व्हतं त्यांनी."

मी विचारलं, मग इतकी वर्षं तुम्ही मला काहीच कशा बोलल्या नाहीत? त्यांचं नुकसान झालं, तुमचं झालं, बदलीच्या गावी तुम्ही दोन लेकरं घेऊन राहिलात.

"मी म्हणायची त्यांना, एकदा विचारा तरी ताईला. ते म्हणायचे, नाय. त्यांच्या त्यांनी सांगू दे."

मी रडले. वहिनींनी रडू दिलं. मग त्या आत गेल्या आणि अण्णांची जुनी डायरी घेऊन आल्या. तिच्यात घडी घातलेला एक कागद होता. त्यावर अण्णांच्या अक्षरात किसनचा चिकलठाण्याचा पत्ता होता. एकदा खोडून नवा लिहिलेला, म्हणजे त्यानं घर बदलल्यावर अण्णांनी तोही जपून दुरुस्त केला होता. वर लिहिलं होतं, सुमनताई विचारतील तेव्हा.

मला तहान लागली होती. वहिनींनी तांब्या भरून दिला नाही, रांजणाकडं बघितलं. माझे गुडघे आता वाकत नाहीत, भिंतीला धरून कशीबशी खाली बसले. तोटी झिजून गुळगुळीत झाली आहे. अण्णा गेल्यापासून ती फारशी कुणी सोडली नसावी, गच्च बसली होती. दोन्ही हात लावून फिरवली, मग ओंजळ धरली. मंगलची उंची एवढीच होती.

उद्या आमच्या गल्लीत पाण्याची पाळी आहे. सहा दिवसांच्या खंडानंतर नळ येईल, शेजारणी पाइप लावून उभ्या राहतील, माझी टाकी रिकामी राहील. मी सकाळच्या पहिल्या बसनं चिकलठाण्याला जाणार आहे. किसन आता सत्तरीचा असेल. तो मला ओळखेल की नाही, घरात घेईल की नाही, मला माहीत नाही. पाणी विचारलंच तर मी म्हणणार आहे, आधी माझं ऐकून घ्या.